गॅस्केट उडालं, पण का?

मुंबई-अहमदाबाद हायवेवर चिंचोटीपासून वसई फाटा, पेल्हार, नालासोपारा फाटा आणि पुढे शिरसाडपर्यंत गॅरेजांना तोटा नाही. उन्हाळ्यात तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी हीट झाली, पाणी ओतलं, वीस किलोमीटर चालली, पुन्हा हीट झाली. मेस्त्री बॉनेट उघडतो, ऑईलची पट्टी काढून बोटांत चोळून बघतो आणि सांगतो, "साहेब, हेड पॅकिंग गेलंय. हेड उतरवावं लागेल." पुढचे काही दिवस गाडी उभी राहणार आणि बिल हजारोंच्या घरात जाणार, हे मालकाला तेव्हाच कळून चुकतं.

ज्या वस्तूसाठी हा सगळा खटाटोप, ते हेड पॅकिंग म्हणजेच हेड गॅस्केट, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं असतं. त्या बिलात गॅस्केटची किंमत किरकोळ. पैसे जातात ते तिथपर्यंत पोहोचण्याच्या मजुरीत, लेथवाल्याकडच्या कामात आणि वाटेत बदलाव्या लागणाऱ्या बारीकसारीक भागांत. म्हणूनच हेड एकदा उतरवलं की गॅस्केट का उडालं याचं उत्तर मिळाल्याशिवाय ते परत चढवू नये. बहुतेक वेळा गॅस्केट आपणहून जात नाही, त्याला कोणीतरी मारलेलं असतं. मारेकरी सापडला नाही तर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जातं, आणि टर्बो इंजिनात जरा लवकरच जातं.

इंजिन म्हणजे ढोबळमानाने दोन तुकडे. खाली ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात. वर हेड, ज्यात व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर असतात. या दोघांच्या मधल्या सपाट सांध्यावर गॅस्केट बसतं. त्या एका सांध्यातून तीन गोष्टी जातात: सिलिंडरमधला पेटता वायू, इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि दाबाखालचं ऑईल. तिघांनी शेजारी राहायचं, पण एकमेकांत मिसळायचं नाही.

आता हे किती अवघड आहे ते एका ओळखीच्या इंजिनावर पाहू. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल आपल्याकडे गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणून ओळखलं जायचं. मारुतीने ते परवान्याखाली मानेसरला बनवलं आणि २००७ पासून स्विफ्टमध्ये, मग डिझायर आणि अर्टिगामध्ये घातलं. फियाट आणि टाटाच्या गाड्यांसाठी ते पुण्याजवळ रांजणगावात तयार होत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारं यातलं प्रत्येक इंजिन किमान सहा वर्षांचं आहे, आणि बरीचशी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. गॅस्केटच्या तक्रारी सुरू व्हायचं हेच वय.

या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर. म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटिमीटर. टर्बो असलेल्या कॉमन रेल डिझेलमध्ये इंधन पेटताना सर्वोच्च दाब १४० बारच्या घरात जातो. गुणाकार केला तर प्रत्येक धमाक्याला एका सिलिंडरवरचं हेड साधारण साडेपाच टनांच्या जोराने वर ढकललं जातं. पाच स्विफ्ट एकावर एक रचल्या तर जेवढं वजन होईल तेवढं. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे मिनिटाला १००० वेळा घडतं. हेडला खाली धरून ठेवायला असतात ते बोल्ट आणि त्यांचा ताण, बस्स.

टर्बोने काय बदललं? आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून कल्पना तीच आहे: सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने सिलिंडरमध्ये हवा कोंबायची. साधं इंजिन वातावरणाच्या दाबावर, म्हणजे सुमारे १ बारवर श्वास घेतं. टर्बो त्यात आणखी एक-दीड बार भरतो. जास्त हवा, जास्त इंधन, छोट्या इंजिनात मोठी ताकद. मात्र त्याबरोबर दाब आणि उष्णताही वाढते. डिझेलचा एक्झॉस्ट ७००-८०० अंश सेल्सियसपर्यंत, तर टर्बो पेट्रोलचा ९०० च्याही पुढे तापतो. नेक्सॉनसारख्या गाड्यांमुळे १.२ लिटरचं टर्बो पेट्रोलही आता घरोघरी पोहोचलं आहे, त्यामुळे हा फक्त डिझेलवाल्यांचा प्रश्न राहिलेला नाही.

दाबाहून मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. बहुतेक अशा डिझेल इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं असतं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हेड ४० सेंटिमीटर लांब धरा आणि तापमान ८० अंशांनी वाढलं असं समजा. हेड पाऊण मिलिमीटरच्या आसपास लांबतं, ब्लॉक त्याच्या निम्मा. उरलेला फरक कुठेतरी सरकून भरून निघायला हवा, आणि तो सरकतो गॅस्केटवर. रोज सकाळी गाडी सुरू केली की दोन्ही पृष्ठभाग गॅस्केटला घासत थोडे पुढे जातात, रात्री गाडी थंड झाली की मागे येतात. यासाठीच आजची गॅस्केटं पोलादाच्या तीन-चार पातळ पत्र्यांची असतात. त्यांना सिलिंडरभोवती उठावाच्या कडा दाबलेल्या असतात, ज्या स्प्रिंगसारख्या काम करतात, आणि वरून रबरासारखा पातळ लेप असतो. जुन्या काळी गॅस्केट अॅस्बेस्टॉसचं असायचं. ते मऊ होतं, थोडा खडबडीतपणा पोटात घ्यायचं. पोलादी गॅस्केट दाब कितीतरी जास्त सोसतं, पण त्याला आरशासारखा सपाट पृष्ठभाग लागतो. जुन्या सवयीचे हात आणि नवं गॅस्केट यांचं इथेच बिनसतं.

हे सगळं ठरलेल्या तापमानात वर्षानुवर्षं चालतं. बिघडतं ते इंजिन हीट झाल्यावर. रेडिएटरच्या झाकणामुळे आतल्या पाण्यावर साधारण एक बारचा जादा दाब राहतो, त्यामुळे ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी कमी झालं किंवा झाकण ढिलं असलं की आत वाफेचे कप्पे तयार होतात. वाफेला धातूची उष्णता नीट उचलता येत नाही. हेडचा तेवढा भाग भाजून निघतो, फुगायला जागा नसते, आणि हेड वाकडं होतं. वाकडं म्हणजे किती? डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. पण मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो. तेवढ्या फटीतून पेटता वायू निसटला की तो गॅस्केटची कड कापत जातो.

या हायवेलगतच्या वसईत पाणी कमी होण्याइतकंच ते कुठलं ओतलं जातं हेही महत्त्वाचं आहे. इथे खाडी आहे, मिठागरं आहेत, आणि टँकरच्या उपशाने गोड्या विहिरी मचूळ होण्याचा प्रश्न हरित वसई या पर्यावरण आंदोलनापासून गाजतो आहे. बावखलं, म्हणजे इथली गोड्या पाण्याची तळी, बुजत गेली तसा तो वाढलाच. गॅरेजच्या मागच्या पिंपात बहुधा बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असतं, आणि रेडिएटरमध्ये तेच जातं. खारट पाणी विजेला चांगली वाट देतं. त्यात एका बाजूला अॅल्युमिनियमचं हेड आणि दुसऱ्या बाजूला बिडाचा ब्लॉक बुडालेला असला की एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजायचं काम अॅल्युमिनियमकडे येतं. हेडमधल्या पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्या जातात आणि गॅस्केटला टेकायला जागाच उरत नाही. शिवाय जड पाण्यातले क्षार गरम धातूवर थर धरतात, रेडिएटरच्या नळ्या बुजवतात. असं हेड उतरवलं की भोकांभोवती पांढरट भुकटी आणि खड्डे दिसतात. नळाला सूर्या धरणाचं गोडं पाणी येत असलं तरी तेही इंजिनासाठी नाही. कंपनीने सांगितलेलं कूलंट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठरलेल्या प्रमाणात, एवढंच. कूलंट म्हणजे रंगीत पाणी अशी समजूत अजून आहे, पण त्यातली गंज रोखणारी द्रव्यंच हेड वाचवतात, आणि ती काही वर्षांत संपतात.

बाकी मारेकरी नेहमीचेच. वरसावे पुलाकडे किंवा घोडबंदरच्या घाटात एसी लावून मुंगीच्या पावलांनी सरकताना न फिरणारा पंखा. पावसाळ्यात सखल रस्त्यांवरच्या पाण्यातून गाडी नेल्यावर रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल. झिजलेला वॉटर पंप. जास्त पिकअपसाठी बसवलेली चिप, जी टर्बोचा दाब वाढवते आणि हेड बोल्टांना काही विचारत नाही. शिवाय आपल्याकडचा एक खास उपाय: "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहते." काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आतली पळवाट बंदही करतो. तो काढला की पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच फिरत राहतो आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. बाकीच्या वेळी इंजिन नको इतकं थंड राहतं आणि डिझेल जास्त खातं.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी सेल्फ मारून बघणं हा वेगळा आणि जास्त महागाचा अपघात आहे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे गॅस्केट ही सगळ्यात छोटी काळजी असते.

हेड उतरवण्याआधी मात्र गॅस्केटच गेलंय याची खात्री करायला हवी, आणि इथे फार घाई होते. ऑईलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा थर दिसला की निकाल लागतो. पण पावसाळ्यात रोज घर ते स्टेशन एवढीच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापतच नाही, हवेतला ओलावा आत साचतो आणि झाकणाला तसाच थर येतो. गाडी हायवेला तासभर फिरवली की तो जातो. डिझेल गाडीत पाणी कमी होतंय, बाहेर कुठे गळत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, ही गॅस्केटची लक्षणं खरी. पण एक्झॉस्टचा वायू पाण्याने थंड करणारा ईजीआर कूलर आतून फुटला तरी अगदी हेच घडतं. कूलंटच्या टाकीत ऑईल तरंगतंय? अनेक इंजिनांत ऑईल फिल्टरच्या घरालाच पाण्याने थंड होणारा ऑईल कूलर जोडलेला असतो, तो फुटला असू शकतो. निळा धूर असेल तर टर्बोच्या सीलकडे आधी बघावं.

खात्रीच्या चाचण्या आहेत, आणि त्या हेड उतरवण्याच्या मानाने फुकटच म्हणायच्या. थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि काटा उतरतो का ते पाहायचं. कॉम्प्रेशन तपासायचं, शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत ते एकदम कमी असेल तर त्यांच्या मधली गॅस्केटची कड गेली. सर्वांत बोलकी चाचणी रसायनाची. निळ्या द्रवाची एक नळी कूलंटच्या टाकीच्या तोंडावर धरतात आणि टाकीतली हवा त्यातून ओढतात. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड तिथे पोहोचला असेल तर निळा द्रव हिरवट किंवा पिवळा होतो. घरच्या घरी एवढं करता येतं: रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा होज हातात धरा. पाणी कोमट व्हायच्या आधीच तो दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरचा दाब पाण्यात घुसतोय.

प्रत्यक्ष उतरवण्याच्या कामात फार रमण्यासारखं काही नाही. बॅटरी सोडा, कूलंट आणि ऑईल काढा, इंटरकूलरचे पाइप, टर्बोच्या ऑईलच्या नळ्या, इंजेक्टर, टायमिंग लॉक करून चेन किंवा बेल्ट. दोन जागा अवघड. कॉमन रेलमधला दाब चालू इंजिनात १००० बारच्या पुढे जातो, तेव्हा इंजिन चालू असताना त्या नळ्यांना पाना लावणं म्हणजे हात गमावणं. आणि टर्बोजवळचे एक्झॉस्टचे स्टड: वर्षानुवर्षं भाजून निघालेले असतात, जोर लावला की तुटतात. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच, बाहेरून आत या क्रमाने, थोडे थोडे ढिले करायचे. गरम हेड सोडलं तर ते वाकू शकतं.

हेड टेबलावर आलं की खरं काम सुरू होतं. आधी जुनं गॅस्केट नीट बघायचं. दोन सिलिंडरांच्या मधली कड जळून काळी पडली असेल तर कारण दाब आणि उष्णता. पाण्याच्या भोकांपाशी ते गंजून गेलं असेल तर कारण पाणी. मग सरळ पोलादी पट्टी हेडवर आडवी, उभी आणि तिरकी ठेवून तिच्याखाली फीलर गेजची पात घालायची. बहुतेक कंपन्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. ब्लॉकवरही हेच करायचं. ब्लॉक मोजायचा कंटाळा अनेकांना असतो. हेड वाकडं असेल तर ते मशिनशॉपला जातं. तिथे आधी पाण्याचे मार्ग बंद करून, हवेचा दाब देऊन, गरम पाण्यात बुडवून तडे तपासून घ्यायचे. दोन व्हॉल्व्हच्या मधला अरुंद पूल तडकण्याची आवडती जागा. मगच फेस मारायचा, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायचा. काही डिझेल हेडांना फेस मारायची परवानगीच नसते, कारण धातू कमी झाला की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. ब्लॉकमधून पिस्टन किती वर डोकावतो ते डायल गेजने मोजून त्याप्रमाणे गॅस्केटची जाडी निवडावी लागते. एकाच इंजिनाची गॅस्केटं दशांश मिलिमीटरच्या फरकाने दोन-तीन जाडींत येतात आणि कोणती कुठली हे काठावरच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. 'याच गाडीचं आहे' एवढ्यावर दुकानातून उचललेलं गॅस्केट चुकीचं असू शकतं.

साफसफाईत एक घातक सवय आहे. ड्रिलला खरखरीत चकती लावून ब्लॉकचा माथा घासणं. दोन मिनिटांत चकचकीत होतो खरा, पण चकतीची धूळ ऑईलच्या वाटांत उतरते. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो आणि तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. त्या थरात ही धूळ गेली की हेडचं काम चोख होऊनही महिन्याभरात टर्बो शिट्टी मारायला लागतो. प्लास्टिकची पट्टी, केमिकल आणि चिकाटी, याला पर्याय नाही. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑईल राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकच तडकतो. ती भोकं हवेने कोरडी करून घ्यायची.

नवं पोलादी गॅस्केट कोरडंच बसवायचं. वरून सिलिकॉन लावू नये, आणि 'सेफ्टीसाठी' तर मुळीच नाही. त्याचे तुकडे सुटून ऑईलच्या जाळीत अडकतात. हेड बोल्ट नवे घ्यावेत. आजचे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, ते एकदा ताणले गेले की पुन्हा तेवढा जोर धरतीलच असं नाही. आवळण्याचा क्रम मधून बाहेर. आधी टॉर्क पान्याने ठरलेला जोर, उदाहरणार्थ ४० न्यूटन-मीटर, आणि मग कोन मोजून ९० अंश, पुन्हा ९० अंश. आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा, तो कंपनीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. 'हाताला कळतं' म्हणणारा मेस्त्री चाकं बसवायला ठीक, हेडसाठी नको.

टर्बो परत लावताना त्याच्या ऑईलच्या नळीत जळक्या ऑईलचा कोळसा साचला नाही ना ते पाहायचं आणि पहिला स्टार्ट देण्याआधी त्यात स्वच्छ ऑईल ओतायचं. इंधन बंद ठेवून, ऑईलचा दिवा विझेपर्यंत सेल्फवर इंजिन फिरवायचं. कूलंटमधली हवा काढायची, पंखा लागून बंद होईपर्यंत गाडी उभ्याने चालवायची. ऑईलमध्ये पाणी गेलं असेल तर नवं ऑईलही काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा बदलायचं, कारण कूलंटचे उरलेले अंश बेअरिंगला आणि टर्बोला खातात. गळती थांबवणारं बाटलीतलं औषध या सगळ्याला पर्याय म्हणून विकलं जातं. ते रेडिएटरच्या नळ्यांनाही तेवढ्याच निष्ठेने बुजवतं.

गाडी तुमची असेल तर दोन गोष्टी कराव्यात. कधी तापमानाचा काटा वर गेला किंवा लाल दिवा लागला, तर वसई फाटा तीन किलोमीटरवर आहे म्हणून तिथवर रेटू नका. एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तासभर झाकणाला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड तडकतं. आणि काम झाल्यावर जुनं गॅस्केट, जुने हेड बोल्ट आणि मशिनशॉपची मोजमापाची चिठ्ठी मागून घ्या. ही तिन्ही देणारं गॅरेज जपून ठेवा. चिठ्ठीच नसेल तर हेड मोजलं गेलं नाही असंच समजा.